आश्रय पट्ट्याची गोधडी: बीटी कापसावरचे हाताळता येणारे प्रदर्शन

बायोटेक्नॉलॉजीवर चित्र म्हटले की डीएनएची शिडी आणि भलेमोठे प्रश्नचिन्ह ठरलेले. त्यातून बघणाऱ्याला काहीच ठरवावे लागत नाही. त्यापेक्षा एखादा खराखुरा नियम घ्या.

बीटी कापूस म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी. 2002 साली भारतात तिला परवानगी मिळाली ती एका अटीवर: शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बी यायचे. हाच आश्रय पट्टा. त्यात बीटीच्या विषाने मरणाऱ्या साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या विषाला न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक्षम पतंगांशी जुळतात आणि प्रतिकारक्षमता पसरायला वेळ लागतो. नुकसान पट्टा पेरणाऱ्याचे, फायदा अख्ख्या शिवाराचा. अनेकांनी ते बी पेरलेच नाही. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले, त्यामागचे हे एकमेव नसले तरी मोठे कारण.

गोधडी 19 बाय 19 चौकटींची करा. एकूण 361 होतात, कडेच्या 72, म्हणजे जवळपास 20 टक्केच. चौकट 12 सेमीची कापा, शिवणीत गेल्यावर 10 उरते. सगळ्या 361 हिरव्या, म्हणजे बीटीचे पीक. जुन्या सुती कपड्यांतले वेगवेगळे हिरवे चांगले, एकाच छटेने कंपनीची जाहिरात वाटते. नवे कापड घेतलेत तर 110 सेमी पन्ह्याचे साडेपाच मीटर लागेल. टेरिकॉट नको, धाव दोऱ्यात चुण्या पडतात. अस्तराला पाचवारी सुती साडीचे दोन-दोन मीटरचे दोन तुकडे काठाला काठ जोडून घ्या.

कडेच्या 72 चौकटींवर आश्रय पट्टा म्हणून मांजरपाटाचे पांढरे तुकडे टिच बटणांनी बसवायचे, प्रत्येकी दोन जोड. मांजरपाट सव्वा मीटर पुरते, पण आधी धुऊन घ्या. आटले की बटणे जुळत नाहीत. बटणाखाली कापड दुहेरी घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीच फाटते. आणि मांजरपाटावर ‘नॉन-बीटी’ लिहू नका. देशातला बहुतेक कापूस बीटीच आहे, कापडाकडे बघून ते कळतही नाही.

आता खेळ. ज्याला हवे त्याने पांढरा तुकडा काढावा. खालून हिरवे पीक निघते, तेवढा त्याचा फायदा. दर तुकड्यामागे तीन गुलाबी गाठी, म्हणजे बोंडअळ्या, पण कुठे पडणार ते चिठ्ठी ठरवते. कडा सोडून आत 17 ओळी आणि 17 रकाने उरतात, म्हणून 1 ते 17 आकड्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन डबे ठेवा, एक ओळीचा, एक रकान्याचा; चिठ्ठी परत डब्यात. गाठ मदतनिसाने घालावी: भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर, सुईला दोन वेढे. एकच वेढा दिला तर गाठ आरपार निघून जाते.

‘तुकडा परत लावला तर?’ हे कुणीतरी विचारणारच. लावू द्या. गाठ मात्र उसवायची नाही.

शेतकरी आत्महत्यांचे फोटो शेजारी टांगू नका. लोक हळहळतात आणि बटणाला हात लावत नाहीत. खऱ्या बियांची वाटीही नको, त्यांना कीटकनाशक चोळलेले असते. गोधडी भिंतीवर न टांगता कमरेच्या उंचीच्या टेबलावर पसरा, चारही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा सोडून.