अ‍ॅम्प्लिफायर लावला की एसडब्ल्यूआर का वाढतो? या चुका टाळा

हॅम रेडिओच्या रिगच्या (प्रक्षेपण-ग्रहण संचाच्या) ५ वॉटवर एसडब्ल्यूआर मीटर १.२ दाखवतो. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते याचं माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही. घरी जुळवलेला मॉस्फेटचा (पॉवर ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प्लिफायर चालू करून ५० वॉट सोडले की तोच मीटर १.७ वर जातो. बहुतेक जण इथे पक्कड घेऊन गच्चीवर जातात आणि अँटेनाची तार छाटायला लागतात. छाटू नका. किती वॉट येताहेत याचं अँटेनाला सोयरसुतक नसतं. आकडा बदलतोय म्हणजे मोजमापात गडबड आहे, आणि बऱ्याचदा खोटा निघतो तो आधीचा, गोड वाटणारा १.२!

हिशोब करून बघा. ५० ओहमवर ५ वॉट म्हणजे शिखर व्होल्टेज सुमारे २२. खरा एसडब्ल्यूआर २ असेल तर त्यातले साडेसात व्होल्ट परत येतात. मीटरमधल्या दहा वेढ्यांच्या कपलरमधून (केबलमधल्या सिग्नलचा नमुना घेणाऱ्या कॉइलमधून) डायोडपाशी पोचतात जेमतेम पाऊण व्होल्ट, आणि त्यातले ०.६ सिलिकॉन डायोडच खातो. काटा हलणार कशाला? शॉट्की किंवा जर्मेनियम डायोड टाकला की खोट कमी होते, जात नाही. मला तरी ५० वॉटचा आकडाच जास्त विश्वासाचा वाटतो.

मीटर रिग आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये असेल तर तो अँटेनाचं काहीच सांगत नाही, फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचं सांगतो. मीटरही घरचाच असेल तर कपलरमधल्या कोॲक्स केबलची बाहेरची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. दोन्ही टोकं जोडलीत तर तिथे शॉर्ट झालेला वेढा तयार होतो.

मग अँटेना काढून पुरेशा वॉटचा ५० ओहम डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावा. एसएसबीवर (आवाज पाठवायच्या मोडवर) माइकमध्ये न बोलता पीटीटी (प्रक्षेपणाचं बटण) दाबा. काहीही पॉवर दिसली तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होतोय, म्हणजे आपणहून सिग्नल तयार करतोय; आधी ते आवरा. डमी लोडवर सगळं ठीक आणि अँटेनावर काटा वर, असं असेल तर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) तपासा. एकट्या मॉस्फेटच्या आउटपुटमध्ये ७ मेगाहर्ट्झवर बोलताना १४ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) भरपूर असतो. डमी लोड तो गिळतो, पण ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना) त्यातला बराचसा परत पाठवतो आणि मीटर त्यालाही परावर्तित पॉवर समजतो.

फिल्टर धड असेल तर संशय केबलच्या जाळीवरून बाहेरून वाहणाऱ्या करंटचा. नाशिकच्या सिडकोतल्या रो-हाऊसच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा (म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा) २० मीटर लांब डायपोल सरळ मावत नाही. एक टोक शेजाऱ्याच्या पत्र्याकडे वाकतं, दुसरं मोकळं राहतं आणि तोल जातो. केबलमध्ये एक-दोन मीटरचा तुकडा वाढवा. आकडा लक्षात येईल इतका बदलला तर फीड पॉइंटजवळ (केबल अँटेनाला जोडते तिथे) फेराइट रिंगवर केबलचे आठ-दहा वेढे घ्या.

नाशिकचा पावसाळा संपल्यावर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर खूश होऊ नका. पीएल-२५९ मधून (केबलच्या टोकाच्या कनेक्टरमधून) पाणी मुरलं की केबलचा लॉस वाढतो, परत येणारी पॉवर वाटेतच जिरते आणि आकडा छान दिसतो. केबलचं वरचं टोक मोकळं सोडून खालून नॅनोव्हीएनएने (अगदी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने) मोजा. अ‍ॅम्प्लिफायरने मुळीच नको, मॉस्फेट जाईल. चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर खूप मोठा यायला हवा. ३ च्या आसपास आला, तर जाताना निम्मी पॉवर केबलमध्येच संपतेय. ती केबल बदला आणि नव्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा.