पी०१७१ : सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे

पी०१७१ हा गाडीच्या बिघाडाचा कोड स्कॅनरवर उमटला की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकायचा, अशी पद्धत बऱ्याच गॅरेजांत पडून गेली आहे. माझ्या जुन्या हॅचबॅकचाही चांगला सेन्सर असाच नाहक बदलला गेला आणि चौथ्या दिवशी चेक इंजिन लाइट पुन्हा लागली. वास्तविक हा कोड एवढेच सांगतो की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोल वाढवून वाढवून आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचला आहे. ही बातमी सेन्सरने आणली म्हणून त्यालाच दोषी धरणे म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरवणे होय.

लाइट स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर तपासणी बाजूला ठेवून गाडी थांबवावी. मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटल्यामुळे, न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होऊ शकतो.

एरवी स्टिअरिंगजवळ, डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या ओबीडी (बिघाड तपासण्याच्या) सॉकेटमध्ये स्कॅनर किंवा साधा ब्लूटूथ अडॅप्टर लावावा आणि कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही लिहून घ्यावी, कारण कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान व लोड किती होता हे तिच्यात असते आणि कोड पुसताच ती सहसा नाहीशी होते.

खरे निदान फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो त्या आकड्यांत आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) शॉर्ट टर्म (त्या क्षणाच्या) व लाँग टर्म (शिकून ठेवलेल्या) ट्रिमची बेरीज करावी. ती साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. माझ्या गाडीत ती ४ आणि २१ मिळून २५ होती. मग ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन मिनिटभर २,५०० आरपीएमवर धरले, तेव्हा बेरीज ६ वर उतरली. आयडलला इंजिन थोडीच हवा घेते आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोराचा असतो, त्यामुळे फटीतून शिरणारी हवा तिथे मोठा वाटा घेते. वेग वाढला की तीच हवा एकूण प्रवाहात बुडून जाते. म्हणून असा उतार दिसला की व्हॅक्यूम गळती शोधावी. उलट, आयडलला ठीक असलेली बेरीज लोडखाली चढत गेली, तर फ्युएल फिल्टर, पंपाचा दाब किंवा मळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर यांच्याकडे वळावे. ही चाचणी एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांत जास्त भरवशाची आहे. मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत गळतीची हवाही दाबातून हिशेबात धरली जाते, त्यामुळे तिथे ट्रिमपेक्षा चढलेला आयडल जास्त बोलका असतो.

गळती शोधताना पीसीव्ही होज (क्रँककेसमधल्या वाफा इनटेकमध्ये नेणारी नळी), ब्रेक बूस्टरचा पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डचे गास्केट तपासावे, आणि सुरू इंजिनाजवळ सूं असा आवाज येतो का, ते पंख्यापासून हात दूर ठेवून ऐकावे. काही जण गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात, पण तो पेट घेऊ शकतो. त्यापेक्षा गॅरेजात स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून फट शोधणे) करून घेणे बरे. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन खोटा पातळपणा दिसतो, एवढेही पाहून घ्यावे. एमएएफ साफ करायचा असल्यास फक्त त्याचाच क्लीनर वापरावा, आतल्या तारेला बोट लावू नये आणि पूर्ण वाळल्यावरच तो बसवावा.

माझ्या गाडीत पीसीव्ही होज वळते त्या कोपऱ्याखाली चीर होती, वरून अजिबात न दिसणारी. इंजिन बंद करून होज बोटांनी वाकवली तेव्हा ती उघडली. होज बदलून कोड पुसला. पुसल्यामुळे रेडिनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का, ते दाखवणारे) शून्यावर जातात, म्हणून पुढचे काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवून पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड पाहत राहावे लागते. आठवड्याने आयडलची बेरीज ३ वर स्थिरावली होती आणि पेंडिंगमध्ये काही नव्हते.