वारंवारता सारणीवरून संभाव्यता काढताना

वारंवारता वितरण सारणीवरून संभाव्यता काढायची असेल, तर सर्वप्रथम सर्व वारंवारतांची बेरीज करून ती सारणीखाली लिहावी, कारण प्रत्येक उत्तराचा छेद हीच संख्या असते. समजा, एक कोडे सोडवायला ४० मुलांना लागलेला वेळ मिनिटांत असा आहे: ०-१० या वर्गात ४ मुले, १०-२० मध्ये ९, २०-३० मध्ये १५ आणि ३०-४० मध्ये १२. यांतून यदृच्छया निवडलेल्या मुलाला २० किंवा त्याहून अधिक मिनिटे लागली असण्याची संभाव्यता (१५ + १२) ÷ ४०, म्हणजे ०.६७५ येते. चार वर्गांपैकी दोन वर्ग अनुकूल आहेत म्हणून उत्तर २/४ लिहिणे ही सर्वांत घातक चूक आहे; मोजायची असतात ती मुले, वर्ग नव्हेत. बरोबर २० मिनिटे लागलेला मुलगा कोणत्या वर्गात धरायचा, हा प्रश्नही इथे महत्त्वाचा ठरतो: सलग वर्गांत वरची मर्यादा वगळली जात असल्याने तो २०-३० मध्येच मोजला जातो. मात्र ‘२५ मिनिटांपेक्षा कमी’ असे विचारले, तर वर्गाच्या आत निरीक्षणे कशी विखुरली आहेत हे सारणी सांगत नाही, त्यामुळे तेथे केवळ अंदाजच बांधता येतो.