नियम कुठे लिहायचा? जँगोच्या पहिल्या नोकरीत पडणारा प्रश्न

जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बांधायची चौकट) शिकताना सुरुवातीला सगळं जागच्या जागी बसतं. पत्ते यूआरएलच्या फाइलमध्ये, डेटाबेसचे तक्ते मॉडेलमध्ये, पानं टेम्प्लेटमध्ये आणि मधली जोडणी व्ह्यूमध्ये. मग नोकरी लागते, पहिलं खरं तिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, नावावर येतं आणि त्यात लिहिलेलं असतं: 'सभासदाच्या बिलातून निम्म्यापेक्षा जास्त कपात करू नये, उरलेली बाकी पुढच्या बिलात ओढावी.' हे वाक्य कोडमध्ये नेमकं कुठे ठेवायचं, ते कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये सांगितलेलं नसतं. टीममध्ये नव्याने येणारी मुलं हमखास इथे अडतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

जँगो याबाबत गप्प आहे, त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्सच्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात तो घडला आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. बातमी भरायची, साठवायची, वाचकाला दाखवायची, हे तिथलं रोजचं काम. त्यासाठी फॉर्म, तक्ता आणि पान एवढं पुरतं, आणि या कामात जँगोचा हात आजही कुणी धरू शकत नाही. पण फॉर्म आणि तक्ता यांच्या मध्ये पैशांचा हिशोब आला, की त्या हिशोबाची जागा आपल्यालाच ठरवावी लागते.

उदाहरण मला जवळचं असलेलं घेते, ते म्हणजे गावच्या दूध संस्थेचं. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. प्रत्येक उत्पादकाचं दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासलं जातं, दरपत्रकाप्रमाणे दर लागतो आणि पावती निघते. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून सांगितला जातो आणि गुणवत्ता वर-खाली झाली की पॉइंटप्रमाणे वाढतो किंवा घटतो. दर दहा दिवसांनी बिल होतं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. बिलातून पशुखाद्याचे पैसे, घेतलेली उचल अशी कपात होते आणि राहिलेली रक्कम खात्यात जमा होते. ऐकायला सोपं आहे. लिहायला बसलं की प्रत्येक वाक्यातून चार प्रश्न निघतात.

अशा एका प्रणालीवर मी रुजू झाले तेव्हा रकमेचा हिशोब व्ह्यूमध्ये होता, आणि तो एकाच व्ह्यूमध्ये असता तर फारसं बिघडलं नसतं. पण संकलनाची नोंद येण्याच्या वाटा बऱ्याच होत्या. ऑपरेटर फॉर्म भरायचा. टेबलावरचं यंत्र एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायच्या वाटेने, थेट आकडे पाठवायचं. नेट गेलं की दुसऱ्या दिवशी सीएसव्ही फाइल चढवली जायची. चुकलेली नोंद सचिव ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत) जाऊन दुरुस्त करायचे. आणि रात्री एक मॅनेजमेंट कमांड (सर्व्हरवर चालवायचा आदेश) बिलं काढायची. लिटर गुणिले दर हा गुणाकार या प्रत्येक वाटेवर वेगळा लिहिलेला होता, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने.

फरक कुठे पडला ते बघा. ६.५ लिटर दूध, दर ३४.३७ रुपये. गुणाकार येतो २२३.४०५. संस्थेच्या वहीत अर्धा पैसा नेहमी वर धरतात, म्हणजे २२३.४१. पायथनच्या डेसिमलला (नेमक्या दशांश संख्येच्या प्रकाराला) काही न सांगता दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत आणायला लावलं तर तो बरोबर मधल्या आकड्याला सम अंकाकडे नेतो, म्हणजे २२३.४०. पावतीवर एक रक्कम, बिलात दुसरी. फरक एका पैशाचा, पण दहा दिवसांच्या वीस पावत्या जपून ठेवणारा उत्पादक त्यांची बेरीज करून बघतो, आणि ती बिलाशी जुळली नाही की त्याचा संशय रास्त असतो. हा हिशोब एकाच जागी असता तर पूर्णांकन कसं करायचं हे एकदा सचिवांना विचारून, एका ओळीत लिहून विषय संपला असता. (पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नये हे तुम्ही ऐकलेलंच असेल. डेसिमल वापरला तरी पूर्णांकनाची रीत आपणच सांगायची असते, हे फारसं कुणी सांगत नाही.)

व्ह्यूतून हिशोब उचलायचा ठरलं की पहिला सल्ला मिळतो तो मॉडेलमध्ये घालण्याचा. मॉडेल जाड, व्ह्यू बारीक, हा सल्ला रूबी ऑन रेल्स ही दुसरी वेब चौकट वापरणाऱ्यांकडून आला आणि जँगोतही रुळला. तो अर्धा बरोबर आहे. एका ओळीला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं, ते मॉडेलच्या मेथडमध्ये शोभतं. या संकलनाची रक्कम किती, हे बिल बंद झालंय का, ही उचल किती फिटली. पण बिल तयार करणं हे काम कुणाचं? त्यात सभासद आहे, संकलन आहे, दरपत्रक आहे, पशुखाद्याचं खातं आहे, उचल आहे. ती मेथड कुठल्याही एका मॉडेलवर ठेवली तरी बाकीची चार तिथे ओढून आणावी लागतात. एक खूण सांगते: मॉडेलच्या मेथडच्या आत, फंक्शनमध्येच इम्पोर्ट लिहिलेला दिसला, कारण वर लिहिला तर दोन फाइली एकमेकींत अडकतात, तर तो नियम त्या मॉडेलचा नाही असं खुशाल समजा.

त्यापेक्षा जपायला हवं ते नोंद साठवणाऱ्या सेव्ह मेथडपासून. सेव्ह ओव्हरराइड करून (तिच्या जागी आपली लिहून) त्यात नियम घातला की तो कायम चालणार असं वाटतं. पण एकदम पुष्कळ नोंदी घालणारं बल्क क्रिएट सेव्हला हात लावत नाही. क्वेरीसेटवरचं (डेटाबेसमधून निवडलेल्या नोंदींच्या संचावरचं) अपडेटही लावत नाही. सीएसव्हीवाली वाट वेगासाठी नेमकं बल्क क्रिएट वापरते, म्हणजे त्या वाटेने आलेल्या नोंदींना नियम लागतच नाही, आणि कुठे एररही दिसत नाही. मॉडेलवर लिहिलेले व्हॅलिडेटर (मूल्य योग्य आहे का ते तपासणारे नियम) सेव्हच्या वेळी आपोआप चालतात, हाही असाच पसरलेला समज आहे. ते मॉडेलवरून बनणारा फॉर्म, म्हणजे मॉडेलफॉर्म, चालवतो; नुसतं सेव्ह केलं तर चालत नाहीत. एपीआय लिहायला वापरतात त्या रेस्ट फ्रेमवर्कचा मॉडेल सिरियलायझर मॉडेलची क्लीन (तपासणीची) मेथड बोलावत नाही. म्हणून फॉर्ममध्ये अडणारी नोंद एपीआयवरून सुखाने आत येते.

सिग्नलबद्दल (काही घडलं की फंक्शन आपोआप चालवणाऱ्या सोयीबद्दल) माझं मत ठाम आहे: आपल्याच ॲपमधला आपलाच नियम सिग्नलमध्ये लिहू नका. पोस्ट-सेव्ह सिग्नलमध्ये कपात लावणारं कोड मी वाचलं आहे. बिल सेव्ह करणारी ओळ वाचून तिच्यामागे कपात होते हे कळायला काहीच वाव नसतो. नवीन माणसाला ते सापडतं ते डीबगर लावून. सिग्नलमुळे कोड गुंतत जाऊ शकतो, जमेल तिथे फंक्शन सरळ बोलवा, असं जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातही म्हटलेलं आहे. बल्क क्रिएट सिग्नलही पाठवत नाही, हा तोटा वेगळाच.

मग नियम जातो कुठे? एका साध्या फाइलमधल्या साध्या फंक्शनमध्ये. बरेच जण त्या फाइलला सर्व्हिसेस म्हणतात आणि वाचनाच्या क्वेरी सिलेक्टर्स नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. नाव काहीही द्या, पण फंक्शनचं नाव संस्थेत जसं बोलतात तसं असू द्या: बिल तयार करणे, उचल देणे, कपात लावणे. सचिवांनी फोनवर 'कपात चुकीची लागली' म्हटलं की कुठली फाइल उघडायची ते लगेच कळलं पाहिजे.

या फंक्शनला रिक्वेस्ट ऑब्जेक्ट (ब्राउझरकडून आलेली मागणी) कधीही देऊ नका. ते जिथून बोलवाल तिथून चाललं पाहिजे: व्ह्यूतून, कमांडमधून, शेलमधून. त्याला सभासद, कालावधी, तारीख अशा गोष्टी नावासकट द्या. आजची तारीखही बाहेरून द्या. फंक्शनने स्वतः घड्याळ बघितलं तर फेब्रुवारीतल्या आठ दिवसांच्या तिसऱ्या बिलाची टेस्ट लिहिताना नाकी नऊ येतात. काही चुकलं तर त्याने एचटीटीपीचा कोड परत करू नये, 'बिल आधीच बंद आहे' अशा अर्थाचा आपला एक्सेप्शन उचलावा. त्याचा ४०९ (एचटीटीपीचा विसंगतीचा कोड) करायचा की स्क्रीनवर लाल पट्टी दाखवायची, ते बोलावणाऱ्याने ठरवावं.

या फंक्शनच्या आतला हिशोबाचा गाभा मी आणखी वेगळा काढते, डेटाबेसला स्पर्शही न करणारा. कपातीचंच घ्या. बिल ४,८२० रुपयांचं, पशुखाद्याची बाकी १,७५०, उचलीची १,५००. मर्यादा निम्मी, म्हणजे २,४१०. आधी पशुखाद्य पूर्ण कापलं, मग उचलीसाठी ६६० उरतात आणि ८४० पुढच्या बिलात जातात. हे फंक्शन फक्त आकडे घेतं आणि आकडे देतं. त्याच्या टेस्टला डेटाबेस लागत नाही, म्हणून शंभर उदाहरणं लिहिली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत चालून होतात. आणि उदाहरणं मनाने लिहायची गरज नाही. सचिवांशेजारी बसून जुन्या वहीतली पानं घ्या आणि प्रत्येक विचित्र बिल टेस्ट म्हणून उतरवा. 'आधी पशुखाद्य की आधी उचल' हा प्रश्न तिकिटात नव्हता, तो वहीतून निघतो. बिलच शून्य असेल तर? उचल देताना संचालकांनी 'यंदा कापू नका' म्हटलं असेल तर? हे कोड लिहिण्याआधी कळणं हा या वेगळ्या फंक्शनचा सगळ्यात मोठा फायदा, असं मला वाटतं.

बाहेरच्या फंक्शनचं काम मग डेटाबेस सांभाळण्याचं. बिल, कपातीच्या नोंदी आणि पुढे ओढलेली बाकी हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही), म्हणजे जँगोच्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये. दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबलं तर एकाच उचलीची दोनदा कपात होऊ नये म्हणून सिलेक्ट फॉर अपडेट लावून सभासदाची ओळ धरून ठेवा. मात्र एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर या कुलपाचा काही परिणाम होत नाही. आपल्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतं आणि पोस्टग्रेसवर वागणं वेगळं निघतं. त्यामुळे टेस्ट पोस्टग्रेसवरच चालवा. आणि जे कधीच होता कामा नये, जसं एका सभासदाची एकाच कालावधीची दोन बिलं किंवा शून्याखालची देय रक्कम, त्यावर डेटाबेसमध्येच कन्स्ट्रेंट (बंधन) घाला. जँगो २.२ पासून युनिक आणि चेक दोन्ही प्रकारचे कन्स्ट्रेंट मॉडेलमध्येच लिहिता येतात, आणि ते कुठल्याही वाटेने आलेल्या नोंदीला लागतात.

एसएमएस पाठवायचा असेल तर तो ऑन कमिटवर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर चालेल असा, टांगा. ट्रान्झॅक्शनच्या आतूनच सेलरीला (पडद्यामागे कामं चालवणाऱ्या साधनाला) काम दिलं, तर वर्कर कधीकधी इतका चटकन धावतो की बिल अजून कमिट झालेलं नसतं आणि त्याला ते सापडत नाही. उलट बाजूने, एसएमएस गेला आणि नंतर ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, तर नसलेल्या बिलाचा निरोप उत्पादकाच्या हातात पडतो. टेस्टकेसमध्ये ऑन कमिटची फंक्शनं सहसा चालत नाहीत, कारण टेस्टचं ट्रान्झॅक्शन कमिटच होत नाही, त्यासाठी ३.२ पासून वेगळी सोय दिलेली आहे, ती शोधून वापरा.

आता दुसरी बाजू. गावांची यादी, बँकांच्या शाखा, पशुखाद्याचे प्रकार यांच्यासाठी सर्व्हिस लिहू नका. नुसतं सेव्ह करणारं फंक्शन कुणाच्याच कामाचं नसतं. तिथे जँगोचे तयार व्ह्यू वापरा आणि पुढे चला. ओआरएमवर (पायथनच्या वर्गांतून डेटाबेस वापरायच्या थरावर) रिपॉझिटरीचा आणखी एक थर चढवण्याची हौसही नवीन मुलांना असते. जँगोत मला तो थर पटत नाही, क्वेरीसेट ते काम आधीच करतो. फास्टएपीआय (दुसरी वेब चौकट) आणि एसक्यूएलअल्केमी (दुसरा ओआरएम) यांच्या जोडीत गणित वेगळं आहे, तिथे वर्ग आणि तक्ते सहज वेगळे ठेवता येतात, त्यामुळे तिथे तो विचार जरूर करा.

चालू प्रकल्पात हे बदल करायचे असतील तर फोल्डरांची नवी रचना घेऊन मीटिंगला जाऊ नका. एक नियम निवडा. तो कुठे कुठे लिहिलेला आहे ते फील्डच्या नावाने शोधा. सध्याचं वागणं, चुकीचं असलं तरी, आहे तसं टेस्टमध्ये पकडा. मग फंक्शन काढा आणि एकेक वाट त्याच्याकडे वळवा, प्रत्येक वाटेचा वेगळा पुल रिक्वेस्ट. दोन वाटांची उत्तरं वेगळी निघाली तर बरोबर कोणतं ते स्वतः ठरवू नका, संस्थेला विचारा आणि त्यांचं उत्तर तिकिटात लिहून ठेवा.

ॲडमिनची वाट सगळ्यात शेवटी घ्या, पण घ्याच. तिथे रक्कम आणि कपातीची फील्ड फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि दुरुस्तीसाठी एक ॲडमिन ॲक्शन द्या, जी तुमच्या त्याच फंक्शनला बोलावते. सचिवांना बटण एकच दिसतं, आणि दुरुस्त केलेल्या बिलालाही बाकीच्या बिलांसारखीच निम्म्याची मर्यादा लागते.