आधी पगाराची स्लिप वाचायला शिका: बुटीबोरीतल्या एचआरच्या नोकरीतून

एमबीए नाहीतर एमएसडब्ल्यू करून एचआरमध्ये येऊ पाहणारी नागपूरची मुलंमुली मला फोन करतात. प्रश्न बहुतेक एकच असतो, "मॅडम, सोबत कोणता कोर्स करू?" मी सांगते, आधी घरातल्या कुणाची तरी पगाराची स्लिप घे. त्यातली प्रत्येक ओळ कुठून आली हे त्यांना पटेल असं समजावून सांग. ते जमलं की मग कोर्सचं बोलू.

मी 2014 साली बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. कॉलेजात प्रेरणेचे सिद्धांत शिकले होते आणि पहिल्या दिवशी हातात आलं ते मस्टर. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, कपात. सहा महिने मी तेच केलं, आणि आज वाटतं की माझं खरं शिक्षण त्या सहा महिन्यांत झालं.

माणूस नोकरीला लागताना त्याला आकडा सांगतात सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तो एकूण कितीला पडतो त्याचा. समजा महिन्याला 25,000. त्यातला कंपनीचा पीएफचा हिस्सा 1,680, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद 673 आणि विम्याचा हप्ता 647 वजा केला की उरतात 22,000. बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, 14,000 असेल तर त्यावर 12 टक्क्यांनी त्याचा स्वतःचा पीएफ 1,680 कापला जातो, शिवाय 200 रुपये व्यवसाय कर. हातात पडतात 20,120. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, म्हणजे त्या महिन्यात आणखी शंभर कमी. त्याच पदावर, त्याच पगारावर बाई असेल तर तिच्या हातात 20,320 येतात, कारण एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. पहिल्या पगाराच्या दिवशी घरी 25,000 सांगून बसलेला पोरगा आपल्या टेबलाशी उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांत आपण चोर असतो. म्हणून मी ऑफर लेटर देतानाच कागदावर दोन आकडे लिहून देते, सीटीसी आणि हातात येणारी रक्कम. माझ्या मते हा नियमच असायला हवा.

आता ज्या चुकीनं मला हे काम गंभीरपणे घ्यायला शिकवलं, ती सांगते. 2022 च्या मे महिन्यात आमच्या एका मशिन ऑपरेटरचा पगार 20,200 वरून 21,700 झाला. ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, तिची पगाराची मर्यादा 21,000 आहे. ती ओलांडली म्हणून आमच्या पेरोलमधून त्याची ईएसआयची कपात त्याच महिन्यापासून थांबवली गेली. वरवर पाहता बरोबर. पण ईएसआयचे वर्षाचे दोन अंशदान (म्हणजे वर्गणीचे) कालावधी असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधी सुरू झाल्यावर पगार मर्यादेपुढे गेला तरी तो संपेपर्यंत अंशदान भरावंच लागतं, कामगाराचे 0.75 टक्के आणि कंपनीचे 3.25 टक्के. आमच्याकडून भरलं गेलं फक्त एप्रिलचं, म्हणजे 30 दिवसांचं.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली. महिनाभर बिनपगारी घरी. ईएसआयच्या आजारपण लाभात सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते. पण जानेवारी ते जूनमधला लाभ आदल्या एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर ठरतो आणि त्यासाठी किमान 78 दिवस लागतात. त्याचे भरले होते 30. तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. चेहरा अजून पिवळट, बाहेर ऊन असून अंगात स्वेटर. म्हणाला, "मॅडम, इतके वर्स पैसे कटले ना माहे? मग आता काऊन नाही म्हणून राहिले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपात थांबवलेल्या त्या शीटवर सही माझी होती.

आम्ही राहिलेलं अंशदान व्याजासकट भरलं. त्याचा हिस्साही कंपनीनेच भरला, कारण त्या त्या महिन्याच्या पगारातून न कापलेला कामगाराचा हिस्सा नंतरच्या पगारातून कापता येत नाही. कायदा तसं स्पष्ट सांगतो. पैसे त्याला मिळाले, पण दोन महिने उशिरा. तोवर त्याच्या बायकोने एक दागिना गहाण ठेवला होता. तेव्हापासून एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत 21,000 च्या आसपासच्या प्रत्येक माणसाची नोंद मी स्वतः बघते. तुम्हीही बघा. सॉफ्टवेअरवर सोडू नका.

नव्यांना आणखी एक सांगायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरायची. बेसिक मुद्दाम लहान ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी सवय यापुढे चालणार नाही. मला हे मनापासून पटतं. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर निघते, वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. वेतन 18,000 आणि सात वर्षं झाली असतील तर सुमारे 72,692 रुपये होतात. वेतन 9,000 दाखवलं तर तेच निम्मे.

पगाराच्या बाबतीत माणसं कशाने दुखावतात, यावर माझं मत पक्कं झालं आहे. एकवेळ कमी पगार माणूस सहन करतो, पण शेजारच्या मशिनवर कालच आलेल्याला 18,500 आणि तीन वर्षं राबणाऱ्याला 17,800, हे सहन होत नाही. बाजारभाव वाढला की नवी भरती वाढीव दराने होते आणि जुने तिथेच राहतात. दर भरतीनंतर त्या पदावरच्या सगळ्यांची यादी पगाराप्रमाणे लावून बघा. जुने खाली सरकलेले दिसले तर मार्चच्या इन्क्रिमेंटची वाट न बघता वरिष्ठांपुढे मांडा. पहिल्यांदा नाही म्हणतील. यादी जपून ठेवा.

अप्रेझलबद्दल, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाबद्दल, थोडक्यात. सुपरवायझरला मार्च आठवतो, मागचा जून नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक सुपरवायझर पंधरा दिवसांतून एकदा माणशी एक ओळ वहीत लिहितो. दहा जणांच्या लाइनमध्ये एकाला सक्तीने शेवटचा ठरवायचं, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. इतक्या लहान गटात तो हिशोब खरा निघत नाही. आणि नागपूरचं कॅलेंडर पाठ करा. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लोक येतात आणि आमच्या कितीतरी कामगारांच्या घरी पाहुणे उतरतात. त्या दिवसांच्या गैरहजेरीवरून हजेरी बोनस कापण्यापेक्षा शिफ्ट आधीच बदलून घ्या. मे महिन्यात 45 अंशांत शेडमधलं उत्पादन पडलं, तर तो माणसाचा दोष धरू नका.

लोक सोडून का जातात? वर्षात सोडून गेलेले भागिले सरासरी संख्या, गुणिले शंभर, हे गणित सोपं आहे. 400 माणसांत 60 गेले तर 15 टक्के. पण साठांची एकच बेरीज करू नका. तीन महिन्यांच्या आत गेलेले वेगळे काढा, तिथे बहुतेक वेळा भरती करताना आपण काहीतरी लपवलेलं असतं. पुण्याला चाकणला चाललेल्याशी बसून खोलीभाडं आणि मेसचा हिशोब कागदावर मांडा. तरीही जायचं असेल तर चांगल्या मनाने जाऊ द्या. रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवून धरणं मला कधीच पटलं नाही, आणि नव्या संहितेनुसार तर वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे.

नोकरी सोडताना कारण लिहून घेतात त्या एक्झिट फॉर्मवर मात्र विसंबू नका. एकदा पॅकिंग लाइनवरच्या पाच मुली तीन महिन्यांत गेल्या. पाचही फॉर्मवर "चांगली संधी". मी त्यांतल्या एकीच्या घरी गेले. तिच्या आईने पाण्याचा तांब्या ठेवला आणि उंबऱ्यातच सांगितलं, "बाई, तुमची बस आता हमरस्त्यावरच सोडते. रात्री साडेअकराला पोरगी गल्लीतून एकटी येते." डिझेल वाचवायला ट्रान्सपोर्टवाल्याने दुसऱ्या शिफ्टच्या बसचा आतला थांबा बंद केला होता. एचआरला कळवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या बसमध्ये बसले, रात्री घरापर्यंतचे थांबे लिहून काढले आणि प्लांट हेडच्या टेबलावर ठेवले. आठवड्यात थांबा परत सुरू झाला. पाचपैकी दोघी परत आल्या, जुन्याच पगारावर.