आर्चटॉपला पिकअप बसवण्याआधी

आर्चटॉप गिटारचा सगळा गोडवा तिच्या कोरीव, फुगीर माथ्यात (तारांखालच्या पुढच्या लाकडी फळीत) असतो. तो कापून हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारं चुंबकीय साधन) बसवण्याची घाई करू नका. सदाशिव पेठेतल्या खोलीत दोघाचौघांत वाजवायचं असेल, तर पिकगार्डला (तारांच्या बाजूच्या संरक्षक पट्टीला) लागणारा फ्लोटिंग पिकअप घ्या. तो माथ्याला टेकत नाही, लाकूड मोकळं थरथरतं. ड्रमसोबत वाजवणार असाल तर मात्र माथ्यात बसवलेलाच बरा, फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी घूंघूं) कमी येतो.

तारा निकेलच्या लावा. ब्राँझच्या तारा चुंबकीय पिकअप नीट पकडत नाही. मग खालच्या दोन साध्या, वेटोळं नसलेल्या तारा तेवढ्या ठणठणतात आणि कॉर्डची मजाच जाते.

अँप क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या आवाजाचा हवा. बेस आधी उतरवा, गिटार स्पीकरसमोर धरू नका. तरी घुमलीच, तर एफ-होलमध्ये (माथ्यावरच्या f आकाराच्या छिद्रात) स्पंजचा तुकडा अलगद बसवा.