सुचत नाही म्हणणाऱ्यांसाठी, नाशिकहून

"तुला सुचतं कसं रे" असं गेल्या महिन्यात तिघाचौघांनी विचारलं, प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी काही मोठा लेखक वगैरे नाही, इथल्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आजवर सात कथा छापून आल्यात आणि मानधन मिळालंय दोनदा. पण एकही कथा नव्हती तेव्हाची अवस्था अजून नीट आठवते, म्हणून हा आगाऊपणा.

पहिली दोन वर्षं मी लिहायला जागा शोधत होतो. खरंच. पहाटे रामकुंडावर जाऊन बसलो, सोमेश्वरच्या धबधब्याला वही घेऊन गेलो, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दमून वर बसलो आणि शेवटी फोटो काढून खाली आलो. एक ओळ नाही. त्यात हे आपलं गाव असं की इथे कुसुमाग्रज राहिले, कानेटकर राहिले, बाबुराव बागूल राहिले, म्हणजे पेन उचललं की कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटायचं आणि मी उगाच जड जड शब्द वापरायला लागायचो, जे मी घरी कधीच बोलत नाही.

मग 2019 चा ऑगस्ट. गंगेला मोठा पूर आला (बाहेरच्यांसाठी, नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात). धरणातून किती क्युसेक सोडलं ते टीव्हीवर सांगतात पण घाटावरची माणसं पाणी मोजतात दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मोठी उभी मूर्ती) अंगावर, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं असं. त्या वेळी तर मारुती पार बुडाला होता. नंतर चिखल काढायचं चालू असताना घाटाजवळच्या एका दुकानदाराशी बोलत उभा होतो, तो सहज म्हणाला, "आमचं ठरलेलं असतं, कमरेला आलं की गल्ला उचलायचा, छातीला आलं की फ्रीज, गळ्याला आलं की आईला." आणि परत झाडायला लागला. मी गाडीवरच मोबाईलमधे ते वाक्य टाईप करून ठेवलं. पहिली कथा तिथून निघाली, म्हणजे लगेच नाही हं, वर्षभर ते वाक्य नुसतं पडून होतं, मला कळतच नव्हतं की आई शेवटी का. ते शोधायला लिहीत गेलो.

तर माझ्यापुरतं उत्तर हे की विषय देखाव्यात सापडला नाही, बोलण्यात सापडला. तेव्हापासून खिशात शंभर पानी छोटी वही असते. त्यात विचार लिहीत नाही, फक्त ऐकलेलं लिहितो, जसंच्या तसं. कंपनीची बस, रविवार कारंजावरची रिक्षा, मिसळीच्या दुकानात शेजारच्या टेबलावरचं भांडण. ऐकलेलं वाक्य घरी जाऊन लिहीन म्हणालात तर गेलं समजा, तुम्ही ते सुधारून लिहिता आणि मग ते तुमच्यासारखं होतं.

आता मोटिव्हेशन. व्हिडिओ बघून काय होत नाही, मी भरपूर बघितलेत, व्हिडिओ संपला की दुसरा व्हिडिओ. माझं काम झालं ते शेजारच्या काकूंमुळे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी, आणि त्या सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या मेंबर, म्हणजे पुस्तकाशिवाय जीव कासावीस (वाचनालय 1840 चं आहे, तुम्ही नाशकात असून मेंबर नसाल तर आधी ते करा). मी रविवारी त्यांना वाचून दाखवायला जायचो. एकदा पुस्तक विसरलो तर माझीच दोन पानं वाचली, भीत भीत. त्या मधेच म्हणाल्या, "थांब, ही बाई असं बोलणार नाही." मला राग आला. रात्री परत वाचलं तर बाई खरंच तसं बोलली नसती. पुढच्या रविवारी दार उघडताच, "आणलंस का रे पुढचं?"

संपलं. आता न लिहून सांगता कोणाला. शनिवारी सेकंड शिफ्ट करून बाराला घरी आलो तरी दोन पानं व्हायची, मूड असो नसो, आणि गंमत म्हणजे मूड साधारण पाऊण पान झाल्यावर यायचा. त्यामुळे नवीन लोकांना मी सांगतो, कोणीतरी एक वाट बघणारं माणूस शोधा. लेखक नको, लेखक स्वतःचंच सांगत बसतो.

दिवाळी अंकांचं पटकन सांगतो. कथा जून-जुलैपर्यंत पाठवून मोकळे व्हा, गणपतीत पाठवलेलं बऱ्याचदा उशिराच झालेलं असतं. युनिकोडमधे टाईप करा आणि कोणत्या अंकाला काय पाठवलं ते लिहून ठेवा. एका अंकाने माझी कथा आठ महिने ठेवली आणि हो नाही काहीच कळवलं नाही. आमच्या कंपनीत साधा बुश (मशीनचा छोटा पार्ट) रिजेक्ट केला तरी टॅगवर कारण लिहावं लागतं! असो. तीच कथा पुढच्या वर्षी दुसरीकडे छापली गेली, एक शब्द न बदलता.

सध्या काकू मुलीकडे पुण्याला गेल्यात. त्या गेल्यावर पंधरा दिवस माझं लिखाण पार बंद होतं, खोटं कशाला बोलू. आता रविवारी फोनवर वाचतो. नेटवर्क नेमकं मधेच जातं, त्या "हॅलो हॅलो, परत वाच" म्हणतात, आणि तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचताना मलाच दोन वाक्यं जास्तीची दिसतात.